तिरकं माप

उद्यमनगरात गाडी आली तेव्हा
तिच्या खिडकीत कोथिंबिरीची कुंडी होती.
मगदूम साहेब उतरले, कारखान्यातनं रिटायर झालेले केमिस्ट.
म्हणाले, जरा घासलंय, सिकंदर. आंबा घाटात, दगडाला.
डेंट काढ, रंग मार,
गुरुवारी आम्हाला बदामीला निघायचंय.

जरा.
हा शब्द मी तीस वर्षं ऐकतोय.
त्याचंच बिल सगळ्यात मोठं होतं.

आधी मी गाडीला हात लावत नाही.
लांब, चहाच्या टपरीजवळ उकिडवा बसतो
आणि मागनं बघतो, म्हैस घेताना बघतात तशी,
उभी कशी राहते ते आधी, दुधाचं नंतर.
डावा खांदा खाली. बोटभर.

मग दार. उघडतं सरळ,
लावायला मात्र गुडघा लागतो.
हे कधीपासनं?
घाटापासनं, साहेब म्हणाले.
आतनं त्रिशलाताई म्हणाल्या, न्हाई हो,
कपाट तर गाडी घेतल्यापासनं आपोआप उघडतंय.
तुपाची बरणी फुटली ती गगनबावड्याला, गेल्या दिवाळीत.
साहेब गप्प.

पेरानं पत्रा वाजवत गेलो.
टण, टण, टण, आणि चाकावर एका जागी भद्द.
फडक्यातला चुंबक धरला, तो घसरून खाली.
रंगाखाली लांबी, लांबीखाली अजून लांबी.
एवढी लांबी मारणाऱ्याला
काहीतरी झाकायचं असतं.

न्हाणीच्या कोपऱ्यात चटई उचलली.
दुधात भिजलेल्या भाकरीत बोट जावं
तसा प्लायवूडमध्ये स्क्रू ड्रायव्हर गेला.
पाणी छताच्या सांध्यातनं आलेलं,
आणि सांधा उगाच फाटत नाही.
खाली कायतरी पीळ खातंय, मी म्हटलं.

जोत्यानं ओळंबा सोडला,
पाट्याच्या पिनांवरनं, क्रॉसच्या भोकांतनं,
फरशीवर खडूच्या आठ फुल्या.
गाडी ढकलून बाजूला काढली
तर मागं उरले नुसते ठिपके,
रांगोळी अजून पडायचीय असे.
दोऱ्याचं एक टोक ताईंनीच धरलं.
एक तिरकं, चार हजार दोनशे बारा.
दुसरं तिरकं, चार हजार एकशे त्र्याण्णव.
परत मोजूया, त्या म्हणाल्या.
परत मोजलं.
एकोणीस मिलीमीटर.

मग पाठीवर झोपून खाली सरकलो, बॅटरी दातात.
चिखल खरवडला, वरचा कोकणातला तांबडा,
आतला आपला काळा, त्याच्या आत डांबर.
डाव्या रेलला, तिसऱ्या क्रॉसजवळ,
केसाएवढी चीर.
कडा गंजून तपकिरी, म्हणजे जुनी.
घाटातला दगड बिचारा सुटला.

चीर निघाली होती एका वेल्डिंगपासनं.
चासीच्या काठावर मारलेलं,
जिथं मारलं म्हणून आज मी पोरांना शिव्या घालतो.
मणी बारीक, एकसारखे,
शेवटाला उजवीकडं वळलेली छोटी शेपूट.
आपलं अक्षर माणसाला ओळखू येतं.

तेव्हा ही गाडी घर नव्हती.
शिरोळकडच्या कुठल्याशा शाळेची बस.
मालकाला दोन बाकं जादा हवी होती
आणि मला घाई होती.
कशाची, ते आठवत नाही.

खालीच पडून राहिलो जरा वेळ.
जरा.
एका बाजूला साहेबांचे बूट दिसत होते,
दुसऱ्या बाजूला ताईंच्या चपला, दोऱ्याचा गुंडा.
घावलं काय? जोत्यानं विचारलं.

बाहेर आलो, हात पुसले.
बॉडी उचलायला लागेल, म्हटलं,
चासी सरळ करून आतनं पट्टी द्यायची, बोल्टनं.
महिना जाईल. बदामी ऱ्हाऊ दे.
आणि खर्च सांगितला.
साहेब आकड्यांचा माणूस,
चारजणांना विचारून आलेले.
अर्धाच का? म्हणाले.

ताई तोवर कुंडी उतरवून
भिंतीच्या सावलीला ठेवत होत्या,
महिनाभराच्या हिशोबानं.
जोत्या फडकं घेऊन फुल्या पुसायला वाकला.
त्याला म्हटलं, थांब, असू देत.
आणि साहेबांना म्हटलं,
कपडे खराब होतील, पण खाली या जरा,
ही बॅटरी धरा.
एक अक्षर दाखवतो.